भूलवाले काका आणि वरचे गृहस्थ

साउथहॅम्प्टनमध्ये भूलवाले काकांना जितकी जिवंत माणसं ओळखत होती, त्याहून जास्त मेलेली ओळखत होती. हे माझं म्हणणं नव्हे, ते स्वतःच तसं सांगत. आणि त्यांच्याबरोबर एकदा जरी जुन्या गोदीच्या बाजूने फेरी मारली तरी ते पटायचं. चालता चालता मध्येच ते टोपीला हात लावून किंचित वाकत. समोर ओला फुटपाथ, एखादा सीगल, बाकी कोणी नाही. "कोण होतं काका?" विचारलं तर म्हणत, "नाव नाही माहीत. रोज दिसतात, मग विश करायला नको?"

काकांचा उभा जन्म हॉस्पिटलात भूल देण्यात गेला होता, म्हणून आमच्या मराठी मंडळातली सगळी माणसं त्यांना भूलवाले काका म्हणत. त्या नोकरीने त्यांच्या आवाजाला असा काही मऊपणा आणला होता, की गणपतीच्या कार्यक्रमात ते आभार मानायला उभे राहिले की पहिल्या दोन रांगा पेंगायला लागत. पुढे पुढे कमिटीने त्यांचं भाषण जेवणाआधी ठेवायला सुरुवात केली, तरी फरक पडला नाही. माणसं उपाशी झोपत. काका कोणाच्या घरी गेले की बसण्याआधी खुर्चीवर तळवा टेकवून ती रिकामी असल्याची खात्री करून घेत. मी लग्न होऊन नवीन आले आणि आम्ही गोदीजवळ भाड्याचं घर घेतलं, तेव्हा ते चहाला आले, जिन्याकडे जरा वेळ पाहत राहिले आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "बाई चांगली आहे हो. फक्त तिला रेडिओ मोठा लावलेला आवडत नाही." ह्यांनी हसण्यावारी नेलं. मी मात्र त्या घरात कधी मोठ्याने रेडिओ लावला नाही.

काकूंना या सगळ्याचा मनस्वी कंटाळा होता. "घरात जिवंत बायको चहाचा कप घेऊन उभी असते, ती दिसत नाही यांना," असं त्या काकांच्या देखतच म्हणत. पण हा नाद लागला कसा, हे काकांनीच एकदा मला सांगितलं होतं, आणि तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. "हे बघ," ते म्हणाले, "मी भूल देतो, माणूस जातो. ऑपरेशन झालं की परत येतो. मधला वेळ तो असतो कुठे? झोपलेला नसतो. झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो असतो. इथे चेहरा ठेवून माणूस बाहेर गेलेला असतो. मी आयुष्यभर त्या दारापाशी बसलेला वॉचमन आहे. जाणारे-येणारे ओळखीचे होणारच ना?"

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक दुमजली इमारत बरीच वर्षं रिकामी होती. फार पूर्वी तिथे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर शवपेट्या बनवायचा कारखाना. खालच्या काचा आतून रंगवलेल्या. वरच्या एकाच खिडकीची काच न रंगवलेली, आणि तीही कशी कोण जाणे नेहमी स्वच्छ. त्या इमारतीसमोर बसस्टॉप होता, तरी माणसं थोडी पुढे जाऊन उभी राहत. का, असं कोणी विचारत नसे.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. एके दिवशी तिथे कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, नोटीस लागली आणि बातमी पसरली, की तिथे गे बार निघणार. बार काढणारा कॉलिन नावाचा पन्नाशीचा, टकलावर ऊन पडलं की चमकणारा हसरा माणूस होता. आयुष्यभर त्याने क्रूझच्या बोटींवर लोकांचे केस कापले होते. रस्त्याला पार्किंगची काळजी लागली, मग मुलांची, मग घरांच्या किमतींची; जी काळजी खरी होती तिचं नाव कोणी घेत नव्हतं. आमच्या मराठी घरांतूनही कुजबुज होती. भिशीला जमलेल्या बायकांमध्ये एक म्हणाली, "आपल्याला काय करायचंय गं, ज्याचं त्याचं लाइफ. पण शाळेच्या रस्त्यावरच कशाला?" सगळ्या हो म्हणाल्या. मीही मान हलवली असेन.

विरोधाची पुढारी होती मॉरीन, आमच्या शेजारची सत्तरीची विधवा. स्वभावाने कडक, पण बर्फ पडला की कोणी घसरू नये म्हणून माझ्याही दारापुढे मीठ टाकून जाणारी. तिने चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग बोलावली. कॉलिनही बिचारा एकटाच येऊन शेवटच्या रांगेत बसला. बोलणारे बोलले. एकाने तर "दॅट सॉर्ट ऑफ पीपल" म्हणताना त्याच्याकडे बोट केलं. कॉलिन बुटांकडे पाहत राहिला. तेवढ्यात काका उठले. मी मनात म्हटलं, आता सगळे झोपणार, मीटिंग संपली.

काका त्यांच्या मऊ इंग्रजीत म्हणाले, "खाली येणाऱ्या जिवंत गृहस्थांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण वरच्या मजल्यावर जे गृहस्थ आधीपासून राहतात, त्यांना कोणी विचारलंय का?"

हॉलमध्ये हशा पिकला. सगळे हसले, फक्त दोन माणसं हसली नाहीत. कॉलिनचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मॉरीन, जी टेबलापाशी उभी होती, ती हळूच खुर्चीवर बसली.

मीटिंग संपल्यावर कॉलिन आमच्यामागे जवळजवळ धावत आला. "डॉक्टर, हू टोल्ड यू? मी कोणालाच सांगितलेलं नाही." काम करायला आणलेला रंगारी दुसऱ्या दिवशी आलाच नव्हता, त्याने ब्रशसुद्धा परत मागितले नव्हते. कॉलिन स्वतः आत साफसफाई करत असताना भर दुपारी वरून आवाज यायचा. पावलांचा नाही. लाकडावर रंधा फिरवल्याचा. वर पाहावं तर नुसती रिकामी खोली.

काकांनी शांतपणे विचारलं, "आणि फुंकर?"

कॉलिनने नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका माझ्या दारात उभे. "चल माझ्याबरोबर. बाईमाणूस सोबत असलं की ते लोक अदबीने वागतात." मी कोट चढवून बाहेर येते तो फाटकापाशी मॉरीन. डोक्याला स्कार्फ, हातात पर्स घट्ट धरलेली. काकांनी सकाळी तिची बेल वाजवली होती. काय बोलले, दोघांनीही कधी सांगितलं नाही. आम्ही तिघं रस्त्याने निघालो. इमारत जवळ आली तशी मॉरीन सवयीने रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली आणि तिथेच थांबली. काका तिच्याकडे गेले, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तिला अलीकडे घेऊन आले.

आत नव्या रंगाचा वास होता. कॉलिन जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा, हातात उगीचच फडकं. चौघंही जिना चढायला लागलो आणि अर्ध्यावर रंगाचा वास तुटला. दोरी तुटावी तसा. त्याच्या जागी आला ताज्या कापलेल्या लाकडाचा वास, गोडसर, आमच्याकडे सुताराच्या दुकानापुढून जाताना येतो तसा. वरच्या खोलीत लाकडाचा तुकडा नव्हता. फरशी, भिंत, खिडकी. नोव्हेंबरचं फिकट ऊन. कॉलिनने वर चढवून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांपैकी एक काकांनी घेतली, तळव्याने चाचपली, आणि बसून मराठीत बोलायला लागले.

"नमस्कार. बसू का जरा? मी हॉस्पिटलातला. घाई नाही, तुमचं काम चालू द्या."

"काका, अहो, इंग्लिशमध्ये बोला," मी कुजबुजले.

"काही अडत नाही गं. एकदा गेल्यावर भाषेचं काय राहतं?"

मला हसू येणार होतं. ते तोंडातच राहिलं, कारण आवाज सुरू झाला. सर्र... सर्र... लांब, सावकाश, सवयीच्या हाताचा. खोलीच्या मधोमध. आणि मग थांबून एक फुंकर, रंध्याखालचं सालपट उडवावं तशी. ती हवा मला मानेवर लागली. थंड नव्हती. हेच मला अजून विसरता येत नाही. जिवंत माणसाच्या श्वासाइतकी कोमट होती ती. कॉलिनने माझं मनगट पकडलं होतं, की मी त्याचं, ते नक्की सांगता येणार नाही.

काका बोलत राहिले, आवाज चालूच राहिला. मग मॉरीन पुढे झाली. मी तिला पर्स खाली ठेवताना पहिल्यांदाच पाहत होते.

"लेन," ती म्हणाली. "इट्स मो. वर आले रे मी."

आवाज मध्यावर थांबला.

लेन तिचा थोरला भाऊ, तिला मो म्हणणारा. इथे शवपेट्या बनवायचा आणि याच खोलीत राहायचा. त्याचा एक मित्र होता, बोटीवर खलाशी; ते काय आहे हे वडिलांना कळलं आणि घराचं दार बंद झालं. मॉरीन तेव्हा परकर... म्हणजे शाळेच्या फ्रॉकातली पोर. त्या बाजूने जायचं नाही, गेलीस तर वर बघायचं नाही, असा हुकूम. ती पलीकडच्या फुटपाथने जायची. तो खिडकीत उभा असायचा. एका हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला, मित्र समुद्रावर होता, आणि घरचं कोणीही जिना चढून आलं नाही. हे सगळं मॉरीनने आम्हाला त्या खोलीतच सांगितलं, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे आम्हाला सांगितलं असं तरी कसं म्हणू.

कॉलिनने हळूच विचारलं, "मग तुम्ही मला का विरोध करत होतात?"

"दूध आणायला जाताना रोज ऐकते मी त्याला," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही लोक येणार, वर गाणी लावणार, हसणार. आणि तो निघून जाईल."

त्यावर कॉलिन म्हणाला, "मॅडम, मी असतो त्याच्या जागी, तर खाली कोणी तरी हसावं म्हणूनच थांबलो असतो."

मॉरीनने कौन्सिलकडे केलेला हरकतीचा अर्ज मागे घेतला. पुढारीच गेल्यावर बाकीच्यांच्या पार्किंगच्या काळज्या आपोआप मिटल्या, आणि ख्रिसमसच्या आधी बार उघडला. पहिले काही महिने रस्त्यातली माणसं त्या दारापुढून मान वळवून जात. मग कोणाची तरी गाडी बंद पडली तेव्हा कॉलिनच्या गिऱ्हाइकांनी ढकलून दिली. मग कोणाचा कुत्रा हरवला तो तिथे सापडला, बारच्या काउंटरखाली झोपलेला आणि चिप्स खाऊन फुगलेला. असं करत करत भीती झिजली. मीटिंगमध्ये कॉलिनकडे बोट करणारा गृहस्थ दर शनिवारी तिथे मॅच बघायला जाऊ लागला. मॉरीनचं एक ठरलेलं स्टूल झालं. दुपारी ती शेरीचा ग्लास घेऊन बसे आणि तरुण मुलांना केस कापून घ्यायला सांगे. आणि चर्चच्या हॉलचं छप्पर गळायला लागलं तेव्हा आमच्या मंडळाचं हळदीकुंकू कुठे झालं? कॉलिनच्या वरच्या मजल्यावर. भिशीतली ती बाई वाण म्हणून आणलेल्या स्टीलच्या डब्यांतला एक कॉलिनला देऊन आली. लाकडाचा वास तेव्हा नव्हता. मॉरीनला विचारायचं धाडस मला झालं नाही, पण ती दूध आणायला अलीकडच्या फुटपाथने जायला लागली होती.

त्यानंतर काही वर्षांनी काकू गेल्या, आणि मुलीने काकांना मिल्टन कीन्स या नव्याने वसवलेल्या गावी नेलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते नव्याकोऱ्या घरात, नव्याकोऱ्या सोफ्यावर अवघडून बसले होते. बाहेर रस्त्यावर राउंडअबाउटच्या पलीकडे राउंडअबाउट. "इथे फार एकटं वाटतं गं," ते म्हणाले. "इथे अजून कोणी मेलेलंच नाही." मुलगी स्वयंपाकघरातून तिच्या मोडक्या मराठीत ओरडली, "बाबा, डोन्ट स्टार्ट! तुझा चहा थंड होतो आहे, आणि गोळी पण घेतला नाही!"

ती चहा ठेवून गेल्यावर मी धीर करून विचारलं, "काका, काकू दिसतात का हो कधी?"

"नाही," ते म्हणाले. "माझा हात धरून गेली ना ती. तसे गेलेले मला दिसत नाहीत." मग खिडकीबाहेर पाहत बोलत राहिले. "फार वर्षांपूर्वी एक पोरगा होता ऑपरेशनला. लाल केसांचा, गोरापान. ज्या आजाराचं नाव तेव्हा लोक दबक्या आवाजात घ्यायचे, तो झालेला. भूल देताना म्हणाला, बाहेर माझा माणूस उभा आहे, फॅमिली नाही म्हणून आत सोडत नाहीत. ऑपरेशन झालं, पण तो काही शुद्धीवर येईना. मी बाहेर गेलो. हा माणूस जमैकाचा, सहा फूट उंच, काळाकुळकुळीत, भिंतीला टेकून रडत होता. त्याला हाताला धरून आत नेलं आणि सिस्टरला सांगितलं, हा पेशंटचा सख्खा भाऊ आहे."

"मग?"

"सिस्टर मोठी खमकी. तिने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. म्हणाली, येस डॉक्टर, नाक अगदी सेम आहे. आणि खुर्ची आणून दिली." काका हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा पुसला. "पहाटे गेला तो. हात सोडला नव्हता त्या माणसाने. त्या वॉर्डात एकटेच गेलेले किती तरी जण मला पुढे भेटले, लिफ्टपाशी, बसस्टॉपवर. तो पोरगा कधीच नाही."

पुढच्या वर्षी काका गेले. मुलगी फोनवर म्हणाली, झोपेत नाही, जागेपणी गेला बाबा, आम्ही सगळे त्याचा हात धरून तिथेच होतो, कॉलिनसुद्धा आला होता ड्राइव्ह करून. मी अजूनही कधी कधी मुद्दाम गोदीच्या बाजूने चालत जाते. धुकं असलं की जरा सावकाश जाते. एखादी टोपी, एखादं किंचित वाकणं... पण नाही. काका मला एकदाही दिसले नाहीत.