वापरात नसलेली विहीर

विद्याधर पेंडुरकर तसा वाईट माणूस नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल, आणि ठेवायला माझी हरकतही नाही. मुलुंडला दोन खोल्यांत म्हातारी आई, बायको उत्तरा आणि मुलगी नीला यांच्याबरोबर राहणारा हा महापालिकेतला पाहणी कारकून, अगदी नाकासमोर चालणारा. अक्षर मात्र असं सुरेख, की महत्त्वाची टिपणं साहेब त्याच्याकडूनच लिहून घेत.

त्र्याऐंशीच्या एप्रिलात त्याच्याकडे नावखारचं काम आलं. मुलुंडच्या पुढे, खाडीच्या अंगाला, मिठागरांना लागून असलेलं चाळीसेक घरांचं आगरी गाव. कचरा टाकायची जागा तिथे आधीपासून होती, ती भरत आली होती आणि आता गावाच्या बाजूला वाढवायची ठरत होती. ठरत होती म्हणजे काय, साहेबांच्या मनात ठरलेलीच होती. विद्याधरने फक्त जागा बघून दोन रकान्यांत लिहून आणायचं होतं. लोकांचा फायदा काय, आणि अडचण काय.

फायद्याचा रकाना त्याने घरी बसूनच भरला, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मुलुंड-भांडुपला तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर कचऱ्याचे ढीग साचलेले असत. आधल्या पावसाळ्यात त्याच्याच बिल्डिंगमध्ये कावीळ घुसली आणि नीला सव्वा महिना अंथरुणाला खिळली. पोरीचे पिवळे डोळे या माणसाला बघवत नसत. लाखांची वस्ती, तिची घाण कुठेतरी जायला नको का? जायलाच हवी. तुम्हीआम्ही तरी दुसरं काय म्हटलं असतं?

राहिला अडचणीचा रकाना. त्यासाठी तो जीपने नावखारला गेला, तोही भर दुपारी एक वाजता. गावात चिटपाखरू नाही. बायाबाप्ये मिठागरावर. नव्या जागेच्या हद्दीत एक दगडी विहीर दिसली. तिच्यावर ना रहाट, ना दोर, ना पोहरा. काठाच्या दगडांवर दोर घासून घासून खाचा पडल्या होत्या. त्या त्याने पाहिल्या, पण हात लावून बघितलं नाही. दोन घरं पुढे जाऊन कुणाला विचारायचं, तर ऊन मी म्हणत होतं आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. त्याने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि त्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘एक जुनी विहीर, वापरात नाही.’

त्या संध्याकाळी जेवताना तो सहज म्हणाला, “गंमत बघ आई, खाडीकाठी एवढी बांधीव विहीर, आणि वर दोरीचा तुकडा नाही. पडून आहे नुसती.”

आईचा जन्म मालवणाकडचा; विहिरीला ती अजून ‘बांय’च म्हणे. तिने भात कालवता कालवता त्याच्याकडे पाहिलं. “बांयर दोरी कोण ठेवता रे? आपली दोरी, आपली कळशी, पाणी भरला काय खांद्यार टाकून घराक. थंय ठेवली तर दुसऱ्या दिवशी गावता काय? मी जल्मभर तसाच पाणी भरलंय मां.”

विद्याधरने हातातला घास परत ताटात ठेवला. लहानपणी मे महिन्यात गावी गेला की हाच आईच्या मागे दोरीचं वेटोळं गळ्यात घालून विहिरीवर जायचा. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर समजलं असतं. कोकणातल्या बाईच्या पोटी जन्मलेल्याने ती करावी म्हणजे कमाल झाली.

टिपण अजून त्याच्याच टेबलावर होतं. बुधवारी वर जायचं होतं. ‘वापरात नाही’ खोडून ‘वापरात आहे’ लिहायला किती वेळ लागतो? पण तसं लिहिलं की वेगळी चौकशी, पुन्हा पाहणी, साहेबांची बोलणी. सगळं घोडं पावसाळ्यापर्यंत अडणार. आणि पावसाळा म्हटला की त्याला नीलाचे डोळे आठवत. चार दिवस त्याने मनातल्या मनात तागडी धरली. एका पारड्यात लाख माणसं, दुसऱ्यात चाळीस घरं. पारडं दर वेळी एकाच बाजूला झुकायचं, आणि तरी जीव काही थाऱ्यावर येईना. बुधवारी शिपाई आला, तेव्हा त्याने टिपण न खोडता त्याच्या हातात दिलं.

कोपरे साफ झाले, हेही खरंच. पुढच्या पावसाळ्यात बिल्डिंगमध्ये कुणी पडलं नाही. उत्तरा म्हणाली, “या वर्षी सुटलो बाई.” हा मान खाली घालून जेवत राहिला.

विहीर बुजवली नव्हती कुणी. कचरा तिच्या कडेपर्यंत आला एवढंच. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी चहासारखं झालं आणि त्याला वास सुटला. चहूकडे खारं पाणी, त्यात गावाला गोड पाण्याची ती एकच विहीर होती. बाया डोक्यावर हंडे घेऊन मैलभर लांब जायला लागल्या. हे विद्याधरला कळलं ते गावच्या अर्जावरून. अर्जाखाली पहिला अंगठा गावातल्या कुणा जानकीबाईचा होता. कचेरीतून गावाला उत्तर गेलं, कागदोपत्री ती विहीर वापरात नाही.

मग मात्र हा माणूस पेटला. नावखारला नळ मिळावा म्हणून दोन वर्षं त्याने या टेबलावरून त्या टेबलावर खेटे घातले, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, सुट्टीच्या दिवशी पदरचं भाडं घालून गावात गेला. कचेरीत लोक म्हणायचे, याची सासुरवाडी आहे काय तिथे? त्याला हसूही येत नसे. शहाऐंशीच्या डिसेंबरात गावच्या तोंडाशी एक नळ आला.

गावाने हार आणला, नारळ आणला. विद्याधर नको नको म्हणत असताना त्याच्याच हाताने तोटी सोडायला लावली. बाया हसत होत्या. त्याला वाटत होतं, आत्ता बोलावं, सगळ्यांसमोर बोलून मोकळं व्हावं. तोंड उघडलंही त्याने. तेवढ्यात पन्नाशीची जानकीबाई भरली कळशी कमरेवर घेऊन पुढे आली.

“सायेब, तुमच्यासारखा मानूस नाय बघितला. एक काम अजून करा. आमची विहीर वापरात नाय असा कागदावर कोनी लिवला, त्याचा नाव काढा. कचेरीतलं तुम्हालाच गावंल.”

“नाव कळून काय करणार, जानकीबाई?” विद्याधरने विचारलं.

“काय नाय करायचं. मारायचा थोडाच हाय. एकदा समोर बसवून इचारायचा हाय, बाबा, दोन घरं पुढं होती, हाक का नाय मारलीस? तुलाबी पानी पाजला असता.”

गळ्यातला हार विद्याधरला काचायला लागला. तो जानकीबाईच्या तोंडाकडे बघू शकला नाही. नळाच्या धारेकडे बघत म्हणाला, “बघतो.”

“बघा सायेब,” जानकीबाई म्हणाली. “तुमच्यावर भरोसा हाय.”