चॉकलेटची चांदी

बाबांच्या जुन्या मोटारसायकलला नवीन फ्यूजपेटी बसवायला मी रेवदंड्याच्या गॅरेजात गेले होते. मेकॅनिकने जुनी पेटी उघडली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. आतल्या काचेच्या फ्यूजवर चॉकलेटची चांदी गुंडाळलेली होती.

ती गुंडाळली तेव्हा मी दुसरीत होते. अलिबागच्या दवाखान्यातून आई वारल्याचा निरोप आला आणि बाबांनी मला टाकीवर बसवून गाडी काढली. काशीदच्या सुरूच्या झाडांपाशी ती बंद पडली. बाबांनी माझ्या हातातलं चॉकलेट घेतलं, त्याची चांदी सोलून उडालेल्या फ्यूजवर गुंडाळली आणि उघडं चॉकलेट मला परत दिलं. "खा, वितळंल," एवढंच म्हणाले. मी खाल्लं. चव आठवत नाही. बाबा तेव्हा रडले नाहीत, नंतरही कधी नाहीत. सगळे म्हणायचे, केवढा खंबीर माणूस!

मेकॅनिक काळ्या पडलेल्या वायरी दाखवत होता. "फ्यूज उडायला पाह्यजे, ताई. चांदीमुळं तो परत उडलाच न्हाय, म्हणून आतलं सगळं जळत गेलं. फेकू ना ही चांदी?"

मी हो म्हणाले. बाबांना जाऊन महिना झालाय. मला अजून रडू आलेलं नाही.