काँक्रीटच्या होडीचे नववे उपाध्यक्ष

कुझुमी नोरिफुमी वाईट मुलगा होता असे त्याला ओळखणारे कुणी म्हणणार नाही. चांगला होता असेही कुणी म्हणत नसे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत त्याने कुणाला दुखावले नव्हते, काही मोडले नव्हते आणि काही बांधलेही नव्हते. या निष्कलंक चारित्र्यात काहीतरी कमी आहे, हे त्याला नोकरीचे अर्ज हाती आले तेव्हा कळले. प्रत्येक अर्जात एक चौकट होती: 'विद्यार्थिदशेत आपण कशासाठी जिवाचे रान केले? चारशे अक्षरांत लिहा.' कुझुमी त्या चौकटीसमोर दोन दिवस बसला. त्याला उपाहारगृहातली करी तेवढी आठवली, आणि तिच्यासाठीही तो रांगेत फार वेळ थांबला नव्हता.

एक गोष्ट मात्र त्याला मनापासून हवी होती. लहानपणी घरासमोरच्या नदीवर पूल झाला, तो होताना त्याने दोन वर्षे खिडकीतून पाहिला होता. बांधणारी कंपनी ओसाकाची. तिथे नोकरी मिळावी, एवढेच त्याचे मागणे होते. बाकीचे अर्ज तो आईच्या समाधानासाठी भरणार होता.

चौकट भरण्याचा उपाय आधीच्या पिढ्यांनी शोधून ठेवलेला होता: मंडळात शिरायचे. तोयामाजवळच्या त्या लहानशा विद्यापीठात स्थापत्यवाल्यांसाठी दोन सोयी होत्या. एक, अभियंत्यांच्या संघटनेची विद्यार्थी शाखा. ती वर्षातून एकदा हेल्मेट घालून बोगदा बघायला जाई आणि उरलेले वर्ष त्या दिवसाचा अहवाल लिही. तिथे ओळखपत्र मिळे, पद मिळत नसे. दुसरी, काँक्रीटची होडी बांधून उन्हाळी शर्यतीत उतरवणारे मंडळ. तिथे पद हमखास. कुझुमीला धरून अकरा सभासदांत एक अध्यक्ष आणि आठ उपाध्यक्ष आधीच होते.

"बोल, कुठलं खातं घेतोस?" अध्यक्ष मिझोबाताने विचारले.

"शिल्लक काय आहे?"

"सुरक्षा गेलं, प्रसिद्धी गेलं, परंपरा कालच गेलं. समन्वय घे."

"कुणाशी समन्वय करायचा?"

"आमच्याशी."

असा कुझुमी नववा उपाध्यक्ष झाला. बिनपदाची एकच उरली, दुसऱ्या वर्षाची शिओमी चिगुसा. तिचे अर्ज भरायचे वय अजून झाले नव्हते. त्यामुळे साचा तिने केला, हलकी खडी तिने चाळली, जाळी तिने बांधली. बाकीचे दहा जण नेतृत्व करत होते.

होडी जानेवारीतच ओतायची होती. पण तो महिना होडीचे नाव ठरवण्यात गेला. आठ बैठका झाल्या, दोनदा मतदान झाले, परंपरा खात्याने एकदा सभात्याग केला आणि शेवटी 'आशा' हे नाव ठरले. मागच्या तिन्ही होड्यांचे नाव 'आशा'च होते. तोवर चोवीस फेब्रुवारी उजाडली. बाहेर कमरेएवढा बर्फ होता आणि प्रयोगशाळेतही श्वासाची वाफ दिसत होती. पुलाच्या कंपनीची मुदत दोन मार्च होती. मिझोबाताने अर्जाला जोडायच्या फोटोसाठी सत्तावीस तारीख धरली.

"सेंपाई, या थंडीत नऊ दिवस तरी साच्यात ठेवायला हवी," शिओमी म्हणाली. वरच्या वर्गातल्यांना तिथे सेंपाई म्हणतात.

"आम्हाला शिकवतेस? परीक्षेला आला होता तो प्रश्न," कुझुमी म्हणाला. "मला पूर्ण गुण आहेत त्यात."

"मग?"

"मग काय? नऊ दिवस थांबलो तर मुदत जाईल ना."

तिसऱ्या दिवशी नऊ उपाध्यक्षांनी मिळून साचा काढला. तळाशी वीतभर लांब चीर गेली.

"गेली चीर," शिओमी म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य अजिबात नव्हते.

"भिंतीकडे फिरवा ती बाजू," मिझोबाता म्हणाला. ते फिरवणे हे कुझुमीने केलेले पहिले आणि शेवटचे समन्वयाचे काम.

मग सगळ्यांनी केस बसवले, टाय सारखे केले. शिओमीने होडीला लहानसा काळा फळा टेकवून ठेवला. फळ्याशिवाय फोटो म्हणजे फोटोच नव्हे, हे पहिल्या वर्षापासून त्यांच्या हाडीमाशी खिळलेले. बोगदा असो की गटार, शेजारी फळा हवा, त्यावर काम आणि तारीख हवी; नाहीतर शून्य गुण. फळा तिरका आहे, असे सुरक्षा खात्याने दाखवून दिले. प्रसिद्धी खात्याने तो सरळ केला. वाचला कुणीच नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कुझुमी नवा काळा सूट घालून ओसाकाला पोचला. मुलाखत घ्यायला हिकिता नावाचे गृहस्थ होते. तीस वर्षे त्यांनी पुलांवर काढली होती आणि त्यांची बोटे सळईएवढी जाड होती. अर्जातली चारशे अक्षरे त्यांनी उलटून बाजूला ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. माणसे त्यांनी पाहिलीच नाहीत. आयुष्यभर ज्याने फळे वाचले, तो आधी फळाच वाचणार.

"ओतकाम चोवीस फेब्रुवारी. साचा काढला सत्तावीस फेब्रुवारी," त्यांनी मोठ्याने वाचले. "तोयामा ना? किती थंडी होती?"

"पाच अंश, साहेब."

"पाच अंशांना साच्यात किती दिवस ठेवायचं?"

"नऊ दिवस!" कुझुमीने ताठ बसून उत्तर दिले. या खोलीत आल्यापासून त्याला पहिल्यांदाच बरे वाटले. ते दोन श्वास टिकले.

"वा. आणि तुम्ही काढला तिसऱ्या दिवशी." हिकितांनी फोटो टेबलावर ठेवला. "घाई करणारे माझ्याकडेही आहेत हो. पण घाई करून वर त्या तारखेच्याच शेजारी हसत उभे राहणारे दहा जण एकदम नव्हते पाहिले. फळा कुणी लिहिला?"

खरे सांगितले तर आपण काहीच केले नाही हे उघडे पडणार. स्वतःचे नाव सांगितले तर चूक माथी येणार. कुझुमी मंडळात जे शिकला होता त्याचाच त्याने आधार घेतला.

"माझ्या नेतृत्वाखाली लिहिला गेला, साहेब."

"असं. नेतृत्वाखाली खडू कसा धरतात?"

कुझुमीने टाय सारखा केला.

"लिहिणाऱ्याचं नाव तरी माहीत आहे?"

"शिओमी. दुसरं वर्ष."

हिकितांनी ते नाव अर्जाच्या कोपऱ्यात नीट लिहून घेतले. त्या अर्जावर त्यांनी लिहिलेले तेवढेच. चार दिवसांनी कंपनीने कुझुमीच्या पुढील भरभराटीसाठी प्रार्थना कळवली. प्रार्थना आली की नोकरी गेली, हे त्या देशात मुलांना सांगावे लागत नाही.

त्या दिवशी दुपारी तो तणतणत प्रयोगशाळेत गेला. शिओमी होडीखाली उताणी पडून चीर भरत होती.

"तू बुडवलंस मला! खरी तारीख कशाला लिहिलीस?"

"मग कुठली लिहायची होती, सेंपाई?"

कुझुमी खुर्चीवर बसला आणि खिडकीबाहेर वितळणाऱ्या बर्फाकडे बघत राहिला. त्याला तो नदीवरचा पूल आठवला असेल. क्षणभर त्याचा चेहरा खरोखर दुःखी माणसासारखा झाला, आणि तो तसाच राहिला असता तर त्याच्याविषयी काही बरे लिहिता आले असते.

पण पिशवीत दुसरा अर्ज होता. वाहनतळांवर पांढरे पट्टे आखणाऱ्या कंपनीचा, आईच्या समाधानाचा. त्यात पुढची चौकट होती: 'आपल्याला आलेले मोठे अपयश आणि त्यातून मिळालेला धडा. चारशे अक्षरांत.' कुझुमीने ती एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. त्याचा चेहरा हळूहळू खुलला. त्याने पेन काढले आणि घाई केल्याने चीर कशी गेली, आपण तारीख कशी लपवली नाही, हे लिहायला घेतले. एकशे नव्वद अक्षरांवर गाडी अडली.

"शिओमी," त्याने हाक मारली, "चीर भरतात कशाने ग?"

"बादलीत आहे ते. घ्या थापी, या खाली. एक हात कमीच पडतोय मला."

कुझुमीने बादलीत वाकून पाहिले, 'बादली' असे लिहिले, आणि अक्षरे मोजली.