डोळे आखणारी मामी

रोह्याच्या कंपनीत सकाळच्या शिफ्टला होते, तेव्हा मामेभावाचा फोन आला. "ताई, आई गेली गो..." एवढंच. महिना होऊन गेला, पण तो आवाज अजून कानात आहे.

सुलभामामी हमरापूरच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखायची. आखताना श्वास रोखायची आणि रेघ संपली की मगच सोडायची. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, तीही तिच्यामुळे. पेणच्या कॉलेजसाठी मी तिच्याकडेच राहिले. सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा ती हसली होती, "आम्ही देव रंगवतो, तू बुरशी बघत बस!"

पुढे बुरशीच आडवी आली... रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधांनी तिची प्रतिकारशक्ती खचली, ताप उतरेना. बुरशी फुप्फुसात शिरल्याचा डॉक्टरांना संशय होता. तुकडा काढून तपासावा, तर रक्त थांबणार नाही अशी भीती. बुरशी शरीरात वाढत असली की तिच्या आवरणाचे कण रक्तात उतरतात, म्हणून त्यांनी रक्त मुंबईला पाठवलं. बुरशीवरचं औषध मात्र लगेच सुरू करू म्हणाले. त्याने काही काळ नजर अंधुक होईल, रंग वेगळे दिसतील, हेही सांगितलं. मामी ऐकेना. "ऐन हंगामात डोळे नाय देणार मी. आधी नक्की काय ते कळू दे."

पहिल्या रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. "बघ, नाय गावली तुझी बुरशी!" तिने मला चिडवलं.

"मामी, एकदा नाही सापडली म्हणजे नाहीच, असं नसतं गो. परत रक्त दे."

तिने दिलं. ताप चढतच होता. दुसरा रिपोर्ट आला, त्यात बुरशीचे कण निघाले. मामीने मुकाट्याने औषध घेतलं.

शेवटच्या भेटीत तिने माझा तळहात ओढला आणि बॉलपेनने त्यावर डोळा आखला. "सरळ आलाय?"

"आलाय."

"खोटारडी! सगळं धुरकट दिसतंय, पण हाताला कळतं." मग हळूच म्हणाली, "आधीच घ्यायला हवं होतं औषध, व्हय ना?"

मी तळहातावरचा डोळा मुठीत मिटून घेतला.

आता कंपनीच्या लॅबमध्ये नमुन्यात बुरशी-जंतू काही सापडलं नाही, तरी तसं लिहिण्याआधी मी दुसऱ्यांदा तपासते. नळीत थेंब सोडताना माझा श्वास आपोआप थांबतो. थेंब पडला, की मगच सुटतो...