कावळ्याने विकायला काढलेलं घर

त्या दिवशी सकाळी मी बायकोला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी डॉक्टरांनी ती वारल्याचं सांगितलं. मुलगी बालवाडीत जात होती. नाशिकरोडला आम्ही घर घेतलं होतं, पण राहायला गेलो नव्हतो.

घर म्हणजे एका जुन्या कॉलनीतलं टोकाचं रो-हाऊस. आधीचे मालक एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. निवृत्त होऊन ते मुलाकडे निघून गेले आणि घर तसंच पडून राहिलं. भिंतींना ओल, छताला पोपडे, गच्चीच्या कठड्यात उगवलेला पिंपळ. न्हाणीघराला दारच नव्हतं. माझी माणसं ते एकदा पाहायला आली आणि नाकाला रुमाल लावून फाटकाबाहेर उभी राहिली. "याला घर म्हणतात होय?" वडील म्हणाले. पंचवटीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं राहत होतो, आणि त्याला ते घर म्हणत होते.

बायकोला तिथल्या स्वयंपाकघराची खिडकी आवडली. "इथं दुपारी दिवा लावावा लागणार नाही," ती म्हणाली. पंचवटीत भर दुपारीही ट्यूबलाइट लागायची. त्या एका वाक्यावर मी घर घेतलं. याहून शहाणी कारणं देऊन लोकांनी घेतलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांत खाली पोहण्याचा तलाव असतो आणि त्यात कोणी पोहत नाही.

ती गेली त्याच दिवशी माझी बहीण मुलीला सिन्नरला आपल्या घरी घेऊन गेली. तेवढं एक बरं झालं. बाकीचे लोक पंचवटीतच बसून राहिले आणि चहा पीत कारण शोधू लागले. डॉक्टरांनी दिलेलं कारण कुणालाच पटलं नव्हतं. त्यात लॅटिन शब्द होता आणि दोष द्यायला कोणी नव्हतं. शेवटी माझ्या आत्याने ते काम केलं. "घर लाभलं नाही," ती म्हणाली. खोलीभर सुटकेचा निःश्वास पसरला. ज्या घरात ती एक रात्रही झोपली नव्हती, त्याने तिला मारलं होतं.

दहाव्याला आम्ही गोदाघाटावर गेलो.

तिथले कावळे हा वेगळाच वर्ग आहे. दुसऱ्या गावात कावळ्याला पिंड कधीमधी मिळतो. इथे बारा महिने, रोज सकाळी, कुणाचं ना कुणाचं दहावं चालू असतं. भात खाऊन ते इतके सुस्तावलेले असतात की जेवणाच्या सुट्टीनंतर खिडकीशी बसलेल्या कारकुनासारखे माणसांकडे नुसते बघत राहतात. पंचवटीत वाढलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. तरी आपलं माणूस गेलं की प्रत्येकाला वाटतं, हा कावळा आपल्यासाठी उपाशी थांबला आहे.

मी पिंड मांडून मागे सरकलो. कावळे शेजारच्या पिंडाशी बसून राहिले. गेलेल्याची इच्छा अडकली असेल तर कावळा शिवत नाही, आणि ती ओळखून बोलून दाखवली की शिवतो, असा समज आहे. त्यामुळे आमची मंडळी हात जोडून तिच्या इच्छा ओळखू लागली.

"पोरीला काही कमी पडू देणार नाही गं," आत्या म्हणाली. कावळा ढिम्म.

"इंग्लिश मीडियमला घालू तिला," वडील म्हणाले.

"याचं दुसरं लग्न लावून देऊ," पुन्हा आत्या. जवळ आलेला एक कावळा उडून पार पलीकडे गेला.

"नको म्हणतीये," मागून कुणीतरी पुटपुटलं आणि दोघंतिघं हसले. त्या हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. ती असती तर तीही हसली असती.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "यजमान, तुम्ही बोला काहीतरी. मागे माणसं खोळंबलीत."

तिची इच्छा मला माहीत होती. तिला जगायचं होतं. ती कावळ्याला सांगून काय उपयोग होता?

तेव्हा माझे मामा पुढे आले. ते सिन्नरजवळच्या खेड्यात राहतात आणि प्रत्येक मयताला, प्रत्येक लग्नाला आपण नसतो तर काही पार पडलं नसतं असं मानतात. त्यांनी टोपी काढली, आणि ग्रामसभेत बोलावं तसे ओरडले, "सूनबाई, ते पडकं घर विकून टाकतो! नाय ठेवत, जा!"

कावळा आला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

मला छातीत हलकं वाटलं, हे खरं आहे. इतका वेळ मीही वाट पाहत होतो. पण मग मी मामांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, भर सभेत कोडं सोडवलेल्या माणसाचा आनंद होता.

"पाह्यलं का? जीव अडकला व्हता तिचा त्या घरात."

त्याच दुपारी सगळं ठरलं. घर विकायचं. मी आईवडिलांकडेच राहायचं. मुलीला त्या घराच्या वाऱ्यालाही उभं करायचं नाही. मी म्हणालो, मी मुलीला घेऊन तिथेच राहायला जाणार आहे. "तू दुःखात आहेस," वडील म्हणाले, "तुला आत्ता काही कळत नाही." दुःखातल्या माणसाला काही कळत नाही, पण कावळ्याला मालमत्तेच्या व्यवहारातलं कळतं. मी इतकी वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. इतकं निखळ मूर्ख वाक्य कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, कावळ्याचं जाऊ दे. न्हाणीघराला दार तरी आहे का तिथं? आधी दार लाव, मग पोरीला ने." सगळ्या नात्यागोत्यात घराविषयी सरळ प्रश्न विचारणारी ती एकटी.

मी कामाला लागलो. ग्रंथालयातून सुटलो की बस पकडून नाशिकरोडला जायचं, पोपडे खरवडायचे, कठड्यातला पिंपळ मुळापासून काढायचा. पिंपळ काढताना शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "अहो, पिंपळ कापू नये." मी विचारलं, तुमच्या कठड्यात लावून देऊ का? त्या आत गेल्या.

पैसे मी भरले होते, पण घराच्या कागदांवर वडिलांचं नाव होतं, आणि एक किल्लीही त्यांच्याकडे होती. ती मामांनी घेतली आणि ते गिऱ्हाइकं आणू लागले. पहिल्यांदा एक तरुण जोडपं आलं, बरोबर लहान मुलगा. मी न्हाणीघरात फरशी बसवत होतो. ती बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "उजेड छान आहे ना?" मी थापी खाली ठेवली. वाटलं, गेलं घर.

पण मामांना गप्प राहणं माहीत नाही. आपला व्यवहार किती पवित्र आहे हे त्यांना सांगायचं होतं. "घर लय चांगलं हाय हो. आम्ही काय गरजेपोटी इकत नाय. सूनबाईची इच्छा. दहाव्याला कावळा शिवंना, मी म्हणलो घर इकतो, तवा शिवला!"

बाईने जिन्याच्या कठड्यावरून मुलाचा हात ओढून घेतला. "कळवतो फोन करून," नवरा म्हणाला. त्यांनी चपला फाटकाबाहेर जाऊन घातल्या.

दुसऱ्या गिऱ्हाइकालाही मामांनी हेच सांगितलं. तिसऱ्यालाही. दर वेळी कावळा थोडा मोठा होत गेला. शेवटी शेवटी तर तो सगळ्यांच्या डोक्यावरून तीन फेऱ्या मारून आला होता. लोक निघून का जातात हे मामांना उमगत नव्हतं. एका एजंटानेच त्यांना समजावलं. मी शिडीवर होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"मामा, हे घर आता फुकट दिलं तरी कुणी घेणार नाही."

"का बरं?"

"मेलेल्या बाईला नको झालेलं घर जित्या माणसाने घ्यायचं का? अख्ख्या नाशिकरोडला माहीत झालंय. तुम्हीच सांगितलंय ना सगळ्यांना?"

मामा वर बघून मला म्हणाले, "मग आता तूच राहा बाबा." परक्यांनी ज्या घरात पाऊल ठेवू नये, ते भाच्याला चाललं. "पण पोरीला नाय पाठवायची."

"पोरीचं काही बोलला होता का कावळा?"

"वाकडं बोलू नको."

मी वाकडं बोललो नव्हतो. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, त्या एका चोचीत त्यांनी आणखी काय काय ऐकलं होतं.

न्हाणीघराला दार बसलं त्या रविवारी मी एसटीने सिन्नरला गेलो. बहिणीने मुलीची पिशवी आधीच भरून ठेवली होती, पण दारात उभी राहून तिने उलटतपासणी घेतली.

"दार लावलं?"

"लावलं."

"कडी?"

"तिच्या हाताला पोचेल अशी."

"मामाला विचारलंस?"

"नाही. त्यांचं काय, ते कावळ्याला विचारतील."

ती हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "ने," ती म्हणाली. "शनिवारी मी येते. पोळ्या मी करून आणीन, तुझ्या पोळ्या कुत्रा खाणार नाही."

बसमध्ये मुलीने खिडकीची जागा घेतली. शिंदे गाव मागे पडलं. मग तिने विचारलं, "पप्पा, नवीन घरात आई आहे?"

"नाही."

"मग कोण आहे?"

"तू आणि मी."

तिने बोटांवर मोजलं. "आणि आत्या शनिवारी," ती म्हणाली.

मामा आता सणावाराला येतात. अंगणात खुर्ची टाकून बसतात, चहा तिथेच घेतात, उंबरा ओलांडत नाहीत. वडील आत येतात, पण पाणी घरून आणतात. मी त्यांना काही म्हणत नाही. इतकी मोठी माणसं, आणि त्यांची भीती एका पक्ष्याच्या पोटात मावते.

मुलगी शाळेत जाते. मी ग्रंथालयात जातो. खालच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. वरची खोली रिकामी आहे. स्वयंपाकघरात दुपारी दिवा लावावा लागत नाही.