त्याच्या गुडघ्याबद्दल मी बोललो ते

पिंपरीतल्या एकाच फुटबॉल क्लबासाठी मी अठरा वर्षं स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मध्यावर, खेळलो आणि पाय थकले तेव्हा तिथंच कोच झालो. "या माणसानं दुसऱ्या क्लबाची जर्सी अंगाला लावली नाही," असं लोक अजून कौतुकानं सांगतात. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

मैदानावर माझ्या डाव्या हाताला त्यातली बारा वर्षं एकच माणूस असायचा. कुरुळीतल्या मेकॅनिकचा मुलगा. मी उंच, त्यामुळे वरून येणारे बॉल माझे. तो बुटका, पण पायात वारं. माझ्या हातून निसटलेला फॉरवर्ड तो मागून जाऊन गाठायचा आणि उठताना मला म्हणायचा, "बघतोस काय, भावा, जा जागेवर." मी बरा डिफेंडर दिसायचो तो त्याच्यामुळे. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं, किंवा कदाचित मला एकट्यालाच.

एका मोठ्या स्पर्धेत आम्ही उपांत्य सामना हरलो, पण तो असा खेळला की बघायला आलेल्या गोव्याच्या एका क्लबाच्या माणसानं दुसऱ्या दिवशी मला फोन केला. मी कॅप्टन होतो. चाकणच्या कंपनीत तेव्हा मी लेथवर होतो, पहिली शिफ्ट होती आणि मी बसची वाट बघत उभा होतो.

"तुमच्या त्या डावीकडच्या स्टॉपरला ट्रायलला बोलवावं म्हणतोय," तो म्हणाला. "दुखापत वगैरे काही?"

"खेळतो चांगला," मी म्हणालो. "पण गुडघा सुजतो त्याचा."

गुडघा सुजला होता, आदल्या वर्षी एकदाच, आणि आठवड्यात बराही झाला होता. मी 'सुजला होता' म्हणायच्या ऐवजी 'सुजतो' म्हणालो. त्या माणसानं आभार मानले आणि फोन ठेवला. तेवढ्यात बस आली आणि मी चढलो. तो गोव्याला गेला असता तर पुढच्या सामन्यात मी किती सावकाश धावतो ते सगळ्यांना दिसलं असतं. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं. क्लबाचा विचार मी नंतर केला, स्वतःला समजवायला.

गोव्याहून पुन्हा फोन आला नाही. मी ते बोललो त्याच संध्याकाळी सरावात त्यानं माझ्या घोट्याला पट्टी बांधून दिली. 

पुढे त्यानं वडिलांचं गॅरेज घेतलं आणि खेळ सोडला. क्लबानं मुलींचा संघ काढला तेव्हा तो सोळा वर्षांच्या लेकीला दुचाकीवरून घेऊन आला. म्हणाला, "धावते माझ्यासारखी. उभं कुठं राहायचं ते तू शिकव."

मला तिला काही शिकवताच येईना. बाकीच्या मुलींना मी चुकलं की जागच्या जागी थांबवून सांगायचो. हिच्याकडे बघितलं की शब्द आतच राहायचे. तळेगावच्या संघाशी सामना होता तेव्हा हिच्या पाठीमागून बॉल गेला आणि गोल झाला. मी गोलकीपरवर ओरडलो.

सामना संपल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, चूक माझी होती. तुम्ही तिला बोललात."

"असू दे."

"तुम्ही मला कधीच काही बोलत नाही. मला सांगून उपयोग नाही, असं वाटतं का तुम्हाला?"

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. त्या रविवारी मी कुरुळीला गेलो.

तो एका टेंपोचं इंजिन उघडून बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला आणि फडक्यानं हात पुसले.

"तो फोन अब्बांना झटका आला त्याच्या आधी की नंतर?" त्यानं विचारलं.

"नंतर."

"मग मी गेलोच नसतो. गॅरेज कोण बघणार होतं?"

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. ते तोंडावर दिसलं असणार.

"हलकं वाटून घेऊ नको," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "नाही म्हणायचं ते मीच म्हणालो असतो. पोरांना सांगितलं असतं, गोव्यानं बोलावलं होतं, मीच गेलो नाही. तेवढं तरी माझं राहिलं असतं."

मी माफी मागितली. त्यानं ऐकून घेतली. मग एक गिऱ्हाईक आलं आणि त्यानं मला माझी गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. चहाचं विचारलं नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच.

मंगळवारी मुलगी बसनं एकटीच सरावाला आली.

"अब्बांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "यायचं की नाही ते तुझं तू ठरव म्हणाले."

"मग?"

"मला खेळायचंय. पण तुम्ही नीट शिकवणार असाल तर."

त्या दिवशी मी तिला उजवा खांदा कुठे ठेवायचा ते दाखवलं. चुकली तेव्हा थांबवलं, पुन्हा चुकली तेव्हा आवाज चढवला. ती चिडली आणि तिसऱ्यांदा बरोबर उभी राहिली.

क्लबाच्या बैठकीत माझ्या सत्काराचा विषय निघाला तेव्हा मी ही गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. "जुनं झालं राव, सोडा," असं एक-दोघं म्हणाले. आमचा जुना गोलकीपर मात्र उठून बाहेर गेला. सत्कार मी नको म्हणालो.

तो आता लेकीच्या सामन्यांना येतो. समोरच्या बाजूला, रस्त्याकडच्या कुंपणाजवळ उभा राहतो आणि सामना संपला की तिला घेऊन जातो. नजरानजर झाली तर मान हलवतो. कधी कधी वाटतं, मैदान ओलांडून जावं. पण तिकडे जाऊन आणखी काय मागणार, हे मला ठरवता येत नाही, म्हणून मी बॉल गोळा करत राहतो.