मापाची चिठ्ठी

४ मार्च, मंगळवार. हजर: मी, बायको आणि नवी टपरी टाकून पहिल्या गिऱ्हाइकाची वाट बघणारा शिंपी. सोसायटीच्या हॉलचे पडदे शिवायचे होते; कापड त्याच्यापुढं उलगडून ठेवलं होतं.

“कुठलं पावणं?” मी विचारलं.

“कळंब्याचा.”

“कळंब्यात कुठं?”

“जेलात. नऊ वर्षं सरकारचा पावणाच हुतो की! शिवणकाम तिथंच शिकलो.” तो हसला. “आधीच सांगतोय. मागनं कळलं, तर लोक शिवलेलं बी उसवत्यात.”

“मापं घरी राहिली,” मी म्हणालो.

“अहो, हातात काय हाय मग?” बायको म्हणाली.

चिठ्ठी त्यानंही पाहिली होती. “असू दे वैनी, उद्या आणतील,” म्हणत त्यानं काठाला काठ लावून कापडाची घडी घातली आणि मला परत दिली. माझी लाज त्यानं राखली, आणि मी त्याच्याकडं बघूसुद्धा शकलो नाही.

तेव्हापासून माझ्या रोजच्या यादीत ‘पडदे शिवायला देणे’ पहिलं असतं. बाकीची कामं उरकतात, ते तेवढं राहतं.